तेल, पाणी आणि सैल बंधन : एका चिकट ऱ्हासाचा इतिहास

जुन्या हस्तलिखितांच्या अखेरीस लेखनिक पुष्कळदा एक विनंती लिहून ठेवीत. पोथीच बोलते आहे अशी कल्पना करून तिच्या तोंडी घातलेली ही विनंती साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बंधनापासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, एवढाच तिचा आशय. पोथीसंस्कृतीचा एक गोड अवशेष म्हणून आपण ती वाचतो आणि पान उलटतो. आमचे म्हणणे असे की, विसाव्या शतकातील ध्वनिसाधनांच्या ऱ्हासाचा इतिहास कोणास लिहावयाचा झाल्यास तो याच चार कलमांखाली लिहिता येईल. प्रस्तुत लेखात तसा एक प्रयत्न करीत आहोत.

विषय वरकरणी क्षुल्लक आहे. हेडफोन चार-सहा वर्षे वापरला, किंवा न वापरता खोक्यात ठेवला, की कानावरच्या गाद्यांचे काळे आवरण पापुद्र्यांनी सुटू लागते. आतला स्पंज बोटाने दाबला तर त्याची भुकटी होते किंवा तो डिंकासारखा बोटाला लागतो. दांड्यावरचा रबरासारखा मऊ लेप चिकट होऊन धूळ धरतो. गालावर, कानामागे, शर्टाच्या कॉलरवर काळे ठिपके उरतात. ज्या महाविद्यालयांत भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, तेथील कपाटांत हा अनुभव घाऊक प्रमाणात मिळतो. आपण त्याचा दोष वापरणाऱ्यांना देतो, त्यांच्या घामाला आणि निष्काळजीपणाला देतो. परंतु मोहोर न फोडलेल्या खोक्यातील नवा हेडफोनही असाच चिकट निघतो, तेव्हा हा दोष कोणाच्या माथी मारावयाचा?

वस्तूंचा इतिहास बहुधा त्यांच्या जन्माचा इतिहास असतो. शोध कोणी लावला, पेटंट कधी मिळाले, पहिला नग कोठे विकला गेला, हे सारे नोंदलेले असते. त्यांच्या मरणाची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. चिकटपणाचा इतिहास हा असा मरणाचा इतिहास आहे, आणि तो हेडफोनच्या फार आधी सुरू होतो.

त्याचे पहिले प्रकरण रबराचे. दक्षिण अमेरिकेतील झाडांच्या चिकापासून होणारा हा पदार्थ अठराव्या शतकात युरोपात कुतूहलाचा विषय झाला. १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टली याने त्याने शिसपेन्सिलीच्या खुणा पुसता येतात हे नोंदविले. १८२३ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून पावसाळी कापडाचे पेटंट घेतले. १८३०च्या दशकात अमेरिकेत रबराच्या वस्तूंची लाट आली, आणि थोड्याच उन्हाळ्यांत ती ओसरली. कारण कच्चे रबर थंडीत दगडासारखे कडक होई आणि उन्हात वितळून चिकट होई. मॅसॅच्युसेट्समधील रॉक्सबरीच्या कंपनीकडे वितळलेला माल दुर्गंधीसह परत येऊ लागला. चार्ल्स गुडइयरने टपालखात्यासाठी केलेल्या पिशव्याही उष्म्याने अशाच लोळागोळा झाल्या. पुढे १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांच्या संयोगाने रबर स्थिर होते हे त्यास उमगले आणि १८४४ मध्ये त्याने पेटंट मिळविले. तरीही १८६० मध्ये तो कर्जबाजारी अवस्थेतच मरण पावला.

या कथेतून नेहमी चिकाटीचा बोध काढला जातो. आम्हांला तिच्यातील दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. गंधकाने जे साधले ते एक बंधन होते. रबराच्या लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींवरून घसरत होत्या. गंधकाने त्या ठिकठिकाणी बांधल्या. चिकटपणा म्हणजे साखळ्यांचे सैल होणे, ही गोष्ट येथे प्रथम व्यवहारात प्रत्ययास आली. पोथीचे तिसरे कलम हेच सांगते.

आता हेडफोनकडे येऊ. १८९५ पासून लंडनमध्ये ‘इलेक्ट्रोफोन’ नावाची सेवा होती. वर्गणीदार घरी बसून दूरध्वनीच्या तारेवरून नाटके व प्रवचने ऐकत. १९१० मध्ये अमेरिकेतील युटा प्रांतात नथानिएल बाल्डविन याने घरच्या स्वयंपाकघरात दोन कानांचा संच बनविला आणि तो नौदलाने घेतला. त्या काळचे संच धातूचे, चामड्याचे, कापडाचे. ते कानाला बोचत, पण चिकटत नसत. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉस याने संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला. ऐकणे हे तारायंत्रवाल्याचे काम न राहता घरातील रसिकाचा छंद झाले. तासन् तास ऐकावयाचे म्हटल्यावर मऊपणा आला, आणि मऊपणाबरोबर प्लॅस्टिकच्या आवरणातील गाद्या आल्या. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने स्पंजाच्या गाद्यांचा, उघड्या बांधणीचा हलका हेडफोन आणला. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीस आला तो अशाच हलक्या, स्पंज लावलेल्या हेडफोनसह. रस्त्याने चालता चालता एकट्याने ऐकणे ही नवी सवय जगभर पसरली, ती या मऊ स्पंजाच्या आधाराने.

हा स्पंज पॉलियुरेथेनचा. ऑटो बायर व त्याच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे १९३७ मध्ये या पदार्थाची रीत शोधली, आणि १९५०च्या दशकात त्याचा लवचिक फेस कारखान्यांतून निघू लागला. हेडफोनच्या गादीवरील कृत्रिम चामडे हेही बहुधा कापडावर दिलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असते. पॉलियुरेथेनचे ढोबळमानाने दोन वंश आहेत. पहिल्या वंशात रेणूंच्या साखळीत एस्टर-बंध असतात. हवेतील पाण्याची वाफ या बंधांना तोडते. रसायनशास्त्रात यास जलीय विच्छेदन म्हणतात. बंध तुटला की आम्ल निर्माण होते आणि ते आम्ल पुढचे बंध अधिक वेगाने तोडते. म्हणजे ऱ्हास स्वतःच स्वतःला चेतवीत जातो. लांब साखळ्या आखूड झाल्या की पदार्थ घट्ट न राहता चिकट, काकवीसारखा होतो. दुसऱ्या वंशात ईथर-बंध असतात. तो पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण प्रकाश व प्राणवायू यांपुढे हार खातो आणि त्याची कोरडी भुकटी होते. एकाच खोक्यातील दोन हेडफोनांपैकी एक चिकट का होतो आणि दुसरा चुरतो का, याचे उत्तर पुष्कळदा या वंशभेदात असते.

व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसीची, तऱ्हा निराळी. हा पदार्थ मूळचा कडक. त्यास मऊ करण्यासाठी त्यात तेलकट द्रव्ये मिसळतात. ही द्रव्ये रेणूंशी पक्की बांधलेली नसतात. नुसती वस्तीला आलेली असतात. कालांतराने ती पृष्ठभागावर येतात आणि वायरीस वा गादीस ओशट, चिकट स्पर्श येतो. त्यात कानाची त्वचा आणि केस यांचे तेल मिसळते. पहिले कलम तेलाचे होते. ते येथे आतून आणि बाहेरून असे दोन्हीकडून लागू पडते. गंमत अशी की, एलपी तबकडीही याच घराण्यातल्या पदार्थाची. तिच्यात मऊ करणारे द्रव्य जवळपास नसते, म्हणून ती अर्धशतक उलटूनही चिकटत नाही. गाणे ज्यावर कोरले ते टिकले आणि ते ऐकण्याची गादी विरघळली. पदार्थ एकच, गती दोन.

पण इतिहासाची खरी गाठ पुढे आहे. ध्वनिफितीची रचना पाहा. पॉलिएस्टरची लांब पट्टी, तिच्यावर लोहचुंबकी भुकटी, आणि ती भुकटी पट्टीला धरून ठेवणारा बंधक लेप. १९७० व १९८०च्या दशकांतील, विशेषतः स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या कित्येक उत्तम प्रतीच्या टेपांचा हा बंधक पॉलियुरेथेनच्याच एस्टर वंशातला होता. हवेतील दमटपणा पिऊन तो सैल झाला. अशी टेप यंत्रावर चढविली की ती किंचाळते, अडते आणि चिकट तपकिरी गाळ यंत्राच्या मुखावर सोडते. तो गाळ म्हणजेच आवाज. ज्या भुकटीत कोणाचे तरी गाणे वा बोलणे साठविलेले होते, ती भुकटीच निघून आलेली असते. म्हणजे ऐकण्याचे साधन आणि ऐकण्याजोगा आवाज, हे दोन्ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकाच रासायनिक बंधावर विसंबून होते, आणि तो बंध पाण्याला भीत होता.

यावर निघालेला उपाय चमत्कारिक आहे. टेप सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सिअस तापमानात कित्येक तास शेकली की बंधक पुरेसा घट्ट होतो आणि ती वाजविता येते. अँपेक्स कंपनीने या रीतीचे पेटंट १९९३ साली घेतले. मात्र ही मुदत थोड्या आठवड्यांचीच. तेवढ्यात नक्कल करून घ्यावी लागते. नंतर टेप पुन्हा पहिल्या अवस्थेस येते. शिवाय हे औषध सर्वांना चालत नाही. पॉलिएस्टरच्या आधीच्या जुन्या ॲसिटेटच्या टेपा, ज्यांना ऱ्हासकाळी शिरक्याचा आंबट वास येतो, त्या शेकल्यास उलट नासतात. वासावरून धोका ओळखण्याची ही विद्या आपल्याला नवी नाही. महाभारताच्या आदिपर्वात वारणावताच्या घरात पाऊल टाकताच युधिष्ठिराने तूप आणि लाख यांच्या वासावरून ते घर कशाचे बांधले आहे हे ओळखले होते. ध्वनिसंग्रहातील जाणकारही खोका उघडल्यावर आधी वास घेतो.

लाखेचा उल्लेख आलाच आहे, तर तिचे प्रकरणही सांगितले पाहिजे. एलपीपूर्वीच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्या लाखेच्या होत्या. ही लाख मुख्यतः हिंदुस्थानातून, छोटा नागपूरच्या परिसरातील जंगलांतून जगभर जाई. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचे ध्वनिमुद्रण झाले. १९०८ मध्ये तेथेच सियालदह भागात तबकड्यांचा कारखाना निघाला. बालगंधर्वांची पदे ज्या तबकड्यांतून मराठी घरांत पोचली त्याही लाखेच्याच. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली, १९४२ मध्ये अमेरिकेत तबकड्यांसाठी तिच्या वापरावर निर्बंध आले, आणि कृत्रिम पदार्थांच्या शोधाला निकड प्राप्त झाली. १९४८ मध्ये व्हिनाइलची एलपी आली. तबकडी पडली तर फुटते हा लाखेचा दोष सर्वांस ठाऊक आहे. परंतु न पडलेली लाखेची तबकडी शंभर वर्षांनंतरही वाजते. लाख ठिसूळ होती, पण तिचा ठिसूळपणा उघड होता. नव्या मऊ पदार्थांचा विनाश पोटात दडलेला होता. लाक्षागृहाची उपमा खरे पाहता लाखेपेक्षा या पदार्थांनाच अधिक शोभते.

मग करावे काय? घरगुती वापराच्या हेडफोनपुरता व्यवहार सरळ आहे. पापुद्रे सुटलेली गादी पुन्हा सांधता येत नाही; रेणू तुटलेले आहेत, त्यांना कोणताही लेप जोडीत नाही. गादी बदलावी. मात्र जुन्या स्पंजाचे कण आतील पडद्यावर सांडू न देता, संच पालथा धरून ती काढावी. दांड्यावरील चिकट लेप आधी कोरड्या मऊ कापडाने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या कापडाने पुसावा. द्रव थेट ओतू नये, आणि आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहावे. लेप पुरता निघाला की खालचे कडक प्लॅस्टिक स्वच्छ लागते. थिनर, ॲसिटोन यांनी खालचे प्लॅस्टिकच विरघळते. पावडर लावल्याने चिकटपणा दोन दिवस झाकला जातो, एवढेच. वापरानंतर गाद्या पुसून ठेवाव्यात, थंड, कोरड्या आणि मोकळ्या हवेच्या जागी ठेवाव्यात. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवणे म्हणजे दमटपणा आणि आम्ल यांना वस्तूसह कोंडून ठेवणे होय.

तथापि संग्रहालयात हाच व्यवहार उलटा होतो. घरी जो चिकट थर आपण पुसून टाकतो, तो तेथे वस्तूचा भाग असतो, किंबहुना तीच वस्तू असते. पिएरो जिलार्दी या इटालियन कलावंताने १९६५ पासून पॉलियुरेथेनच्या फेसातून दगडगोटे, पाने, फळे यांचे ‘निसर्ग-गालिचे’ घडविले. तो फेस चुरू लागला तेव्हा संरक्षकांपुढे प्रश्न उभा राहिला, की सुटलेला कण काढावा की तो जागीच बांधून ठेवावा. प्लॅस्टिकच्या वस्तू शाश्वत आहेत या समजुतीवर संग्रहालयांनी अनेक दशके विसंबून राहिल्यावर असे ध्यानात आले की सेल्युलोज नायट्रेट, सेल्युलोज ॲसिटेट, पीव्हीसी आणि पॉलियुरेथेन ही चार घराणी सर्वांत आधी ढासळतात. तेथे उपचार म्हणजे पुष्कळदा हात न लावणे. थंडाव्यात, अंधारात, इतर वस्तूंपासून दूर ठेवणे, छायाचित्रे घेणे आणि वर्णन लिहून ठेवणे. वस्तू वाचत नाही. तिच्या मरणाचा वेग कमी होतो आणि तिची साक्ष मागे राहते.

साहित्याच्या अभ्यासकांचा या साऱ्याशी संबंध काय, असा प्रश्न येथवर आलेल्या वाचकाने विचारला तर तो रास्त आहे. आमचे उत्तर असे. मराठीत मौखिक साहित्याचे संकलन आपण प्रामुख्याने लिखित पाठ म्हणून केले. जात्यावरील ओव्या उतरवून घेतल्या, छापल्या, त्यांतील प्रतिमांवर प्रबंध लिहिले. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून जमविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. त्या संकलनासोबत ध्वनिमुद्रणेही झाली आणि २०१७ पासून ‘पारी’च्या माध्यमातून ती सर्वांना ऐकावयास मिळू लागली. शब्द आणि आवाज दोन्ही जपले गेल्याचे हे थोर उदाहरण आहे. परंतु ते उदाहरण आहे, रीत नव्हे. विभागाविभागांत, निवृत्त प्राध्यापकांच्या माळ्यांवर, लहान संस्थांच्या कपाटांत कवींची वाचने, कीर्तने, बोलींचे नमुने, मुलाखती टेपांवर पडून आहेत. त्यांचे लिप्यंतर झाले की आपले काम संपले असे आपण धरून चालतो. बोलीतील हेल, ओवीची चाल, कवीचा थांबा हे लिप्यंतरात उतरत नाहीत; ते केवळ त्या तपकिरी भुकटीत असतात.

स्पूलच्या टेपांइतका हा चिकट रोग साध्या कॅसेटमध्ये सर्रास आढळत नाही, हे नमूद केले पाहिजे. पण कॅसेटला बुरशी आहे, ताणलेली पट्टी आहे, आणि सर्वांत मोठे संकट म्हणजे वाजविणारे यंत्रच दुर्मीळ होत गेले आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता, की चुंबकीय फितींवरील जे काही २०२५ पर्यंत अंकीय रूपात नेले जाणार नाही, ते बहुतांशी गमावले जाईल. त्या वर्षाला पोचेपर्यंत आपल्याकडे किती विभागांनी आपल्या कपाटातील टेपांची निदान यादी केली, हे ज्याने त्याने आपल्यापुरते पाहावे.

येथे पोथीसंस्कृतीकडे पुन्हा वळावे लागते. या हवामानात ताडपत्र वा कागद काही शतकांपलीकडे क्वचितच टिकतो, हे पूर्वजांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी वस्तू अमर करण्याचा हट्ट धरला नाही. नक्कल करण्याची शिस्त लावली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती व्यासांच्या हातच्या कोणत्याही प्रतीवर उभी नाही. ती नकलांच्या नकलांवर, त्यांतील चुकांवर आणि त्या चुकांच्या तौलनिक अभ्यासावर उभी आहे. नक्कल म्हणजे मूळाचा अपमान, ही समजूत छापखान्यानंतरची. टेपेच्या बाबतीत तर नक्कल हेच जतन आहे. शेकलेली टेप आपल्याला जी थोडी मुदत देते ती त्यासाठीच. आणि अंकीय प्रतही अंतिम नव्हे. तिलाही ठरावीक काळाने नव्या माध्यमात उतरवावे लागते. लेखनिकाचे काम संपत नाही, ते फक्त हात बदलते.

चौथे कलम राहिले. मूर्खाच्या हाती देऊ नका, असे पोथी म्हणते. परंपरेने याचा अर्थ अडाणी माणूस असा घेतला. आम्हांला वाटते की येथे मूर्ख तो, जो वस्तू कुलपात ठेवली म्हणजे सुरक्षित झाली असे समजतो. हेडफोनच्या गादीने आपल्याला शिकविले असेल तर ते एवढेच, की न वापरलेली वस्तूही म्हातारी होते आणि बंद खोक्यातही पाणी असते. माळ्यावरची टेप कोणी न ऐकता जपून ठेवली, तर ती जपली गेलेली नसते, तिचे विसर्जन लांबलेले असते. ती खाली काढावी, तिच्यावर कोणाचा आवाज, कोणत्या गावचा, कोणत्या वर्षीचा हे वहीत लिहावे, जाणकाराकडून तिची प्रत करून घ्यावी, आणि ती प्रत वर्गात ऐकवावी. तेल, पाणी आणि सैल बंधन ही कलमे रसायनशास्त्राची आहेत. चौथे मात्र आपले, मराठी शिकणाऱ्यांचे व शिकविणाऱ्यांचे आहे.